चौदा मिनिटांचा सामना आमच्या मुलींना दिसू द्या

प्रति,
भारतीय रग्बीचा कारभार पाहणारे पदाधिकारी,
सामन्यांचे हक्क घेणाऱ्या वाहिन्या आणि ॲपवाले,
आणि राज्यात खेळांचं धोरण ठरवणारे सर्वजण

विषय: भारतीय महिला रग्बी संघाचे आंतरराष्ट्रीय सामने वेळेवर कळावेत आणि मराठीत दिसावेत, याबाबत

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि आमच्या रग्बी संघातली नववीची एक मुलगी सरावाला यायची थांबली. चार दिवस वाट पाहिली आणि तिच्या घरी गेले. आई अंगणात सोयाबीन चाळत बसली होती. तिने बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं आणि सरळच विचारलं, "बाई, पोरगी दोन वरसं रग्बी-रग्बी करतीया. पण ह्यो खेळ टीव्हीवर कधी दिसंना. कबड्डी दिसती, क्रिकेट दिसतं. भारताची टीम हाय म्हणता, मग ती खेळती कुठं? हातपाय मोडून घ्यायचं ते कशापायी?"

भारताची टीम कुठे खेळते, कधी खेळली, कुणाशी हरली, किती गुणांनी जिंकली, हे सगळं मला पाठ आहे. मी सांगितलं. फोनमध्ये दीड मिनिटाची एक क्लिप होती, तीही दाखवली. तिने डोळे बारीक करून पाहिली आणि म्हणाली, "हे कुणीतरी मोबाईलवर काढलंय." खरंच होतं ते. प्रेक्षकांतल्या कुणीतरी काढलेलं, अर्ध्या स्क्रीनवर पुढच्या माणसाचं डोकं.

मुलगी अजून परत आलेली नाही. आम्ही खेळतो तो सेव्हन्स, म्हणजे सातजणींचा रग्बी. त्याला सातजणी मैदानात आणि पाच बदली, अशा बाराजणी लागतात. आमच्या बरोबर बाराच होत्या. आता अकरा आहेत.

मी साताऱ्यापासून एसटीने पाऊण तासावरच्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. विद्यापीठाकडून कबड्डी खेळले, उजव्या कोपऱ्यात. नोकरीला लागले तेव्हा शाळेत मुलींसाठी खो-खोचे दोन खांब आणि हवा न धरणारा एक व्हॉलीबॉल, एवढंच साहित्य होतं. २०१६ साली पुण्यात क्रीडाशिक्षकांच्या एका शिबिरात रग्बीचा चेंडू पहिल्यांदा हातात आला. शिबिर संपताना दोन चेंडू मिळाले, ते एसटीत मांडीवर घेऊन आले. मुलींनी बघताक्षणी त्याचं नाव 'नारळ' ठेवलं. आजही आमच्या मैदानावर "नारळ मागं दे", "नारळ टेकव, टेकव!" हेच ऐकू येतं.

मैदान मुरमाचं आहे. गावातल्या वेल्डरने पाइप जोडून दोन्ही टोकांना एच आकाराचे खांब उभे करून दिले, मजुरी घेतली नाही. रेषा आम्ही फक्कीने मारतो, पाऊस पडला की पुन्हा मारतो. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, हा नियम सुरुवातीला मुलींच्या पचनी पडेना. तेव्हा मी त्यांना टँकरवरची रांग आठवायला सांगितली. माणदेशातून आलेल्या दोन मुली होत्या, त्यांना ते लगेच उमगलं. टँकरपाशी उभी असलेली कळशी भरून मागे देते, मागची आणखी मागे, आणि पाणी सांडू न देता ती हातोहात जाते. त्या दिवसापासून पास जमला. पकड तर शिकवावीच लागली नाही. कबड्डीच्या मुली त्या. फक्त खांद्याच्या वर हात जाऊ द्यायचा नाही, एवढं घोकून घ्यावं लागलं.

मी हे सगळं सांगते आहे, कारण या खेळाची आवड वरून कुणी आणून द्यावी लागलेली नाही. ती आमच्याकडे आहे. नाही ते वेगळंच आहे.

राष्ट्रीय संघाच्या मागावर मी आहे ती २०१८ पासून. त्या वर्षीच्या जूनमध्ये भारतीय मुली पहिल्यांदा पंधराजणींचं आंतरराष्ट्रीय रग्बी खेळल्या, सिंगापुरात. कर्णधार होती पुण्याची वाहबिज भरुचा. पहिल्याच सामन्यात यजमानांकडून ५-३० असा पराभव झाला. बरोबर एका वर्षाने, जून २०१९ मध्ये, मनिलात पुन्हा समोर सिंगापूर. शेवटची मिनिटं, आपण १८-१९ असे एका गुणाने मागे. पेनल्टी मिळाली आणि ओडिशाच्या सुमित्रा नायकने चेंडू खांबांमधून पाठवला. २१-१९. पंधराच्या खेळातला भारतीय महिलांचा तो पहिला विजय.

हा विजय मला तिसऱ्या दिवशी कळला, पुण्यातल्या एका मैत्रिणीच्या मेसेजमधून. सकाळच्या परिपाठानंतर मी फळ्यावर मोठ्या अक्षरात २१-१९ लिहिलं आणि मुलींना सगळं सांगितलं. सातवीतल्या एकीने विचारलं, "मॅडम, हे चाललं होतं तेव्हा आपण काय करत होतो?" तो शनिवार होता. आम्ही मैदानावर फक्की मारत होतो. शाळेचा संगणक कक्ष तिथून पन्नास पावलांवर होता.

दुसरी गोष्ट हांगझोउची. २०२३ च्या आशियाई खेळांत भारताचा महिला सेव्हन्स संघ उतरणार, हे मला वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या बातमीतून समजलं. सामने २४ सप्टेंबरपासून, रविवारी. आदल्या दिवशी गौरींचं विसर्जन झालेलं, घरोघरी पाहुणे, तरी नऊ मुली सकाळी आठला माझ्या घरी हजर. पहिला सामना हाँगकाँगशी. आम्ही ॲप उघडलं, तर तिथे कितीतरी चौकोन, प्रत्येकात वेगळा खेळ, आणि रग्बी कोणत्या चौकोनात हे कुठेच लिहिलेलं नाही. एकेक उघडून बघत गेलो. रोइंग, नेमबाजी, जलतरण. रग्बी सापडेपर्यंत सामना संपला होता, ०-३८. दुपारी जपानशी. या वेळी उत्तरार्ध मिळाला. ०-४५.

तो उत्तरार्ध मला नीट आठवतो. फोन खडूच्या खोक्याला टेकवून ठेवला होता आणि नऊ डोकी त्यावर वाकलेली. मध्येच ते गोल चक्र फिरायला लागायचं. तेव्हा सगळ्या श्वास रोखून थांबायच्या आणि चित्र हललं की एकदम बोलायच्या, "ती बघ, ती अजून पळतीया!" गुणफलक पार हाताबाहेर गेलेला, तरी आपल्या मुली पकडीसाठी मागे पळतच होत्या. सामना संपल्यावर आमची सगळ्यात लहानखुरी मुलगी म्हणाली, "मॅडम, जपानच्या पोरी पकडल्यावर पडतात, पण पडल्या की लगेच उठतात. आपण पडून राहतो." एका अर्ध्या सामन्यातून तेरा वर्षांच्या मुलीला जे दिसलं, ते मी तिला वर्षभर ओरडून सांगत होते. दुसऱ्या दिवशीपासून ती पडून राहिली नाही.

म्हणून माझं पहिलं गाऱ्हाणं हे आहे की तुम्ही या खेळाची लांबी लक्षातच घेत नाही. सेव्हन्सचा सामना सात-सात मिनिटांचा, म्हणजे चौदा मिनिटं. क्रिकेटची लिंक तासभर उशिरा सापडली तरी सामना शिल्लक असतो. इथे पंधरा मिनिटं उशीर झाला की संपलं. आमच्या नेटचं चक्र तीन मिनिटं फिरलं तर पाचवा हिस्सा सामना गेला. अशा खेळाचं वेळापत्रक आदल्या रात्री कुठल्यातरी पोस्टमध्ये, तेही परदेशी वेळेत, आणि सामन्याची लिंक सामना सुरू झाल्यावर, हे चालणार नाही. आशियातल्या स्पर्धा कधी यूट्यूबवर असतात, कधी ॲपवर, कधी कुठेच सापडत नाहीत. दर वेळी नव्याने शोधायचं. मी हौसेने शोधते. सोयाबीन चाळणारी आई का शोधेल?

दुसरं गाऱ्हाणं पराभवाबद्दल आहे. मला एकदा या क्षेत्रातल्या एका जाणत्या माणसाने सांगितलं, "आपला संघ हरतो, लोकांना दाखवून काय करायचं?" त्यांना वाईट बोलायचं नव्हतं, पण हा विचार मला मान्य नाही. १९९५ च्या विश्वचषकात जपानच्या पुरुष संघाने न्यूझीलंडकडून १७-१४५ असा मार खाल्ला. तो जगासमोर खाल्ला. वीस वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच विश्वचषकात ब्रायटनच्या मैदानावर जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ ने हरवलं. २०१९ ला विश्वचषक जपाननेच भरवला आणि संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला. १४५ गुणांचा तो दिवस लपवून ठेवला असता तर ३४-३२ ची किंमत कुणाला कळली असती? आमच्याकडे तर ५-३० वरून २१-१९ व्हायला एकच वर्ष लागलं. दोन्ही सामने शेजारी शेजारी दाखवा आणि बघा मुली काय बोलतात.

आणि आपण काही फक्त हरत नाही. आशियाई सेव्हन्स ट्रॉफी ही आशियातल्या दुसऱ्या फळीची स्पर्धा. तिथे आपल्या मुलींनी २०२२ मध्ये जकार्तात रौप्य घेतलं आणि २०२४ मध्ये काठमांडूत पुन्हा रौप्य. या दोन पदकांची बातमी आमच्या भागातल्या किती घरांत पोचली? मी माझ्या शाळेच्या शिक्षक खोलीत विचारलं होतं. कुणालाच माहीत नव्हतं.

आता जून २०२५ बद्दल. मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ, परदेशातले नावाजलेले खेळाडू आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून आपली मुलं. सामने टीव्हीवर, ॲपवर, ठरलेल्या वेळी. मी सहा मुलींना घेऊन एसटीने गेले. प्रकाशझोतात ओलं गवत चमकत होतं. आमच्या मुलींनी गवताचं मैदान पहिल्यांदाच जवळून पाहिलं आणि सामना संपल्यावर कठड्यावरून हात घालून त्या गवताला हात लावून आल्या. परतीच्या बसमध्ये कुणी झोपलं नाही. हे घडवून आणलंत त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

पण त्याच बसमध्ये एकीने विचारलं, "मॅडम, मुलींचं कधी?" पहिला हंगाम पुरुषांचाच होता. पदकं मुलींनी आणली, दिवे मुलांवर लागले. मुलांचं कमी करा असं मी म्हणत नाही, त्यांनाही हे उशिराच मिळालं आहे. पण वेळ ठरवता येते, वाहिनी ठरवता येते, कॅमेरे लावता येतात, हे तुम्ही स्वतःच करून दाखवलं आहे. मग भारताची जर्सी घालून मुली खेळतात तेव्हाच ते का जमत नाही, याचं उत्तर मला द्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बिहारमध्ये राजगीरला वीस वर्षांखालील मुला-मुलींची आशियाई सेव्हन्स स्पर्धा झाली. ९ आणि १० तारखेला. ९ ला राखीपौर्णिमा. नारळी पौर्णिमेला आमचा 'नारळ' खेळायला निघाला, म्हणून मुली चार दिवस आधीपासून खूश होत्या. पण कधी, किती वाजता, कुठे दिसणार, हे शुक्रवारी रात्रीपर्यंत मला कळलं नव्हतं. राखी बांधून मुली अकरा वाजता आल्या. दोन तास शोधाशोध करून त्या घरी गेल्या. रविवारी आपल्या मुलींनी कांस्य जिंकलं. आमच्या मुलींच्या वयाच्या, दोन-चार वर्षांनी मोठ्या, आपल्याच देशात, आपल्याच वेळेत खेळल्या, आणि आम्ही पुन्हा निकालच वाचला.

राजगीर नालंदा जिल्ह्यात आहे. भारताकडून खेळलेली श्वेता शाही त्याच जिल्ह्यातली. संध्या राय उत्तर बंगालमधल्या सरस्वतीपूरच्या चहामळ्यातली. सुमित्रा भुवनेश्वरच्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत शिकली. एके काळी आपल्याकडे हा खेळ जिमखान्यांचा आणि पलटणींचा होता. आज संघाची यादी पाहिली तर ती गावांची यादी आहे. पण तुम्ही संघ जाहीर करता तेव्हा फक्त नावं असतात. गाव नसतं, जिल्हा नसतो, आधी ती काय खेळायची ते नसतं. मुली यादी वाचताना पहिल्यांदा हेच विचारतात, "मॅडम, ही कुठली?" मला दर वेळी शोधावं लागतं आणि दर वेळी सापडतंच असं नाही. ही कबड्डीतून आली, हिच्या घरी शेती आहे, एवढं जरी कळलं तरी मुलीच्या चेहऱ्यावर फरक पडतो. मी तो पाहिलेला आहे.

दिसल्याने काय होतं, हेही आमच्या जिल्ह्याने नुकतंच पाहिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली. तिचा अंतिम सामना आम्ही फोनवर पाहिला. सोमवारी चार मुली धनुष्य कुठे मिळतं ते विचारत माझ्याकडे आल्या. एकीने तर बांबूचं करून आणलं होतं. त्याच्या एकाहत्तर वर्षं आधी, १९५२ ला, याच जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्य जिंकलं. ती कुस्ती गावाने पाहिली नाही, पाहायची सोयच नव्हती. तरी लोकांनी बैलगाड्या जुंपून कराडात मिरवणूक काढली. आज प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे.

आता भाषेबद्दल, कारण हे माझ्या अगदी जवळचं आहे. जे थोडे सामने आम्हाला बघायला मिळाले, त्यांचं समालोचन इंग्रजीत होतं. मी ते मुलींना सांगत बसते, पण मी सांगेपर्यंत चेंडू तिसऱ्या हातात गेलेला असतो. रग्बीला शब्द नाहीत असं नाही. कबड्डीने कंबर पकड आणि घोटा पकड दिली, खो-खोने हुलकावणी दिली आणि सूर दिला. पूर्ण वेगात येऊन चेंडू रेषेपलीकडे टेकवताना मुलगी जे करते त्याला 'सूर मारला' याहून नेमका शब्द मला माहीत नाही. स्क्रम, ट्राय, रक हे शब्द आहेत तसे राहू देत, मुली ते बोलतात. पण त्यांच्या आजूबाजूचं वाक्य मराठी हवं. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत घरोघरी पोचवलं. आमच्याकडच्या कुस्तीच्या फडात शंकरराव पुजारी बोलायला लागले की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही कळायचं, डाव कुठे बसला. आयपीएलही आता मराठीत ऐकता येतं. रग्बीला माणसं हवी असतील तर पुण्या-मुंबईत राष्ट्रीय संघातून खेळलेल्या मराठी बोलणाऱ्या मुली आहेत. त्यांना बोलवा. मोठा स्टुडिओ नको. नुसता आवाज चालेल.

तुमच्याकडे क्रिकेटसारखा पैसा नाही, याची मला जाणीव आहे. संघाचा प्रवास, मुक्काम, शिबिरं, प्रशिक्षक यांतच तो संपत असेल. म्हणून मी स्टेडियम मागत नाही, आमच्या शाळेसाठी गवतही मागत नाही. मी जे मागते आहे त्यातल्या बऱ्याच गोष्टींना फक्त कुणीतरी नेमून दिलेला माणूस लागेल.

राष्ट्रीय संघाचं, मुली आणि मुलं, मोठे आणि कनिष्ठ, सगळ्यांचं वेळापत्रक निदान महिनाभर आधी एका ठिकाणी लावा. भारतीय वेळेत. मराठीतही. सामना कुठे दिसेल ते आदल्या संध्याकाळपर्यंत तिथेच लिहा आणि दिसणार नसेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे मुली माझ्या घरी येऊन रिकाम्या परत जाणार नाहीत.

सामना फुकट दिसू द्या आणि संपल्यावर पूर्ण तिथेच राहू द्या. मला तो दुसऱ्या दिवशी वर्गात थांबवत थांबवत दाखवायचा असतो. दीड मिनिटाच्या ठळक क्षणांत पडल्यावर उठणं दिसत नाही.

दूरदर्शनशी बोला. आमच्या भागात कितीतरी घरांवर फ्री डिशची छत्री आहे आणि नेट नाही. राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या स्पर्धांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावंच लागतं, असा २००७ चा कायदा आहे. त्या यादीची वाट न पाहता भारतीय संघाचे सामने सह्याद्रीवर दाखवता येतील का, एवढं विचारून तरी बघा. चौदा मिनिटं मागायची आहेत.

संघ जाहीर करताना खेळाडूचं गाव आणि जिल्हा लिहा. निकाल त्याच रात्री मराठी वर्तमानपत्रांना द्या. आमच्याकडे आया-आजोबा कात्रणं जपून ठेवतात आणि कात्रण दाखवल्यावर मुलीला सरावाला पाठवतात. मी स्वतः कबड्डी खेळत राहिले ती वडिलांच्या पाकिटातल्या तशा एका कात्रणामुळे.

एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा महाराष्ट्रात भरवा. ही मागणी राज्याच्या धोरणकर्त्यांना आहे. बिहारने राजगीरला करून दाखवलं. आपल्याकडे बालेवाडी १९९४ च्या राष्ट्रीय खेळांपासून उभी आहे. शाळांच्या मुलींना आत सोडा, बसभाडं आम्ही गोळा करू. आणि लीगमध्ये मुलींचे संघ कधी येणार, ते जाहीर करा. तारीख दूरची असली तरी चालेल, पण तारीख द्या.

२०२६ च्या सप्टेंबरात जपानमध्ये आयची-नागोयाला आशियाई खेळ आहेत. आपल्या मुली तिथे गेल्या तर पुन्हा जपान, पुन्हा हाँगकाँग समोर असतील. या वेळी मला पूर्वार्धही हवा आहे. शाळेचं त्याबाबत बोलणं झालं आहे. मुख्याध्यापकांनी सांगितलंय की सामना शाळेच्या वेळेत आला तर सभागृह द्यायला ते तयार आहेत. जिने यायचं थांबवलं आहे तिच्या आईलाही मी निरोप पाठवणार आहे.

फक्त एक अडचण आहे. प्रोजेक्टर आमच्यात आणि शेजारच्या गावच्या शाळेत मिळून एकच आहे आणि तो हवा असेल तर आठ दिवस आधी लेखी कळवावं लागतं. तेव्हा सामन्याची तारीख आणि वेळ त्याआधी सांगा.

आपली विश्वासू,
एक क्रीडाशिक्षिका
सातारा जिल्हा